पंच

पोलिसांनी बोलावल्यावरून आम्ही पंच समक्ष हजर झालो,
असा प्रत्येक पंचनामा सुरू होतो.
माझ्या वडिलांचा दिवसही, कधीकधी.

केरबा दत्तू सातपुते, वय चोपन्न,
धंदा चहाची गाडी, राहणार शनिवार पेठ.
गाडी ठाण्याच्या फाटकासमोर, पिंपळाच्या बुंध्याला टेकून.
हवालदार आतून हात करतो,
हे गॅस बारीक करतात, फडक्याला बोटं पुसतात,
सही करून परत येतात
दूध उतू जायच्या आत.

कोयता, एक नग, मुठीला लाल दोरी.
मोबाईल, काच तडकलेली.
देशी दारूच्या बाटल्या, बावीस.
एवढं सगळं पाहिलंय त्यांनी,
कागदावर.

माझं लॉचं दुसरं वर्ष.
पाठ केलेली कलमं मधेच जुनी झाली.
हुद्दार सर अजून खुनाला तीनशे दोन म्हणून जातात,
मग खडू आपटतात टेबलावर : एकशे तीन, एकशे तीन.
चारशे वीस आता तीनशे अठरा आहे,
गंगावेशीत दूध प्यायला उभ्या असलेल्यांना
हे कुणी कळवलेलं नाही.
तिथला लबाड अजून चारशेवीसच.

पंच कोण असावा?
त्या भागातला. प्रतिष्ठित. त्रयस्थ.
मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ ओढली.
ठाण्यासमोरचा चहावाला पंच असला, सर म्हणाले,
की बचावाच्या वकिलाची दिवाळी.
वर्ग हसला.
मीही हसले, जरा उशिरा.

डायरीत खटले नोंदवावे लागतात, पाहिलेले.
म्हणून कसबा बावड्याला, पांढरा ड्रेस, मागचा बाक.
तिसऱ्या खटल्याला शिपायाने दारातून नाव पुकारलं
आणि ते आमच्या रेशनकार्डावरचं निघालं.

पिंजऱ्यात चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या.
कुणी सांगितलं नव्हतं.

किती वेळा पंच झालात?
मोजल्यात कुठं, सायेब.
हा कोयता तुमच्यासमोर जप्त झाला?
पंखा फिरत होता. त्यांनी खाली चपलांकडे पाहिलं,
मग बाकांकडे, एकेक बाक करत,
माझ्यापर्यंत.
न्हाई, म्हणाले. म्या चा घिऊन गेलतो.
कागद तयारच हुता.

फितूर.
सरकारी वकिलांनी हा शब्द
शिंक आल्यासारखा उच्चारला.
टंकलेखकाने टाइप केला.
माझ्या शेजारच्या बाकावर एक बाई होती,
कोपरापासून मनगटापर्यंत टाक्यांचे वण,
अकरा. मी मोजले.
कोयता खरा होता.
लाल दोरीसुद्धा बहुतेक खरी होती.
तिने माझ्या डायरीकडे बघून विचारलं,
म्हंजे आता काय हुतंय, वकीलबाई?
मी वकील नाही, असं म्हणाले.
तेवढंच म्हणाले.

रात्री ते जेवले नाहीत. भाकरीचा पापुद्रा काढत बसले.
तू बसलीवतीस न्हवं, म्हणाले.
बऱ्याच वेळानं : चुकलं व्हय गं?
मी साक्षीचं पुस्तक उघडलं, मिटलं.
त्यात साक्षीदार कसा तपासावा ते आहे.
बापाला काय सांगावं ते नाही.

डायरीचा शेवटचा रकाना, अभिप्राय.
तारीख घातली आहे.

सोमवारी गाडी अतिक्रमणात निघाली.
चौदा वर्षं नव्हती, सोमवारी निघाली.
आम्ही दोघांनी ढकलत नेली महाद्वार रोडपर्यंत,
मी मागून, साखरेचा डबा कडेवर घेऊन.
वाटेत ते एवढंच म्हणाले,
चाक करकरतंय, तेल घालाय पायजे.

आता हवालदार पलीकडच्या झेरॉक्सवाल्याला हात करतो.
मुल्लाणींचा समीर, वय एकवीस, सही झोकदार.
परवा मुद्दाम तिकडून गेले.
म्हटलं, वाचून मग सही कर.
तो बघत राहिला माझ्याकडे,
आणि म्हणाला,
ताई, मशीन चालू ठेवून आलोय.